दुधाच्या खाड्यांमधले ठिपके

कऱ्हाड,
२२ जुलै

प्रिय सुमे,

पत्र बघून ‘कोण गेलं?’ म्हणशील. कोणी नाही. फोन केला असता, पण आमच्या भिंतींना कान नाहीत, सासूबाई आहेत. तब्येती ठीक. आईची शुगर तीच, गोड खाणंही तेच.

आता ऐक. ९ जूनला मला प्रिक झालं, वापरलेली सुई अंगठ्यात घुसली. इंजेक्शन देताना नव्हे, पिवळी पिशवी बांधताना. सुया पांढऱ्या डब्यात टाका असं भिंतीवर लिहिलंय, आणि त्याच भिंतीखाली कुणीतरी पिशवीत टाकलेली. ग्लोव्हजच्या आत मसुराएवढा लाल ठिपका. आणि मी काय करावं? अंगठा तोंडात घालायला निघाले! बारा वर्षं पोरींना शिकवतेय, चोखायचं नाही, दाबायचं नाही, साबण आणि वाहतं पाणी.

सुई कुणाची, कळायला मार्ग नाही. म्हणून डॉक्टरांनी वाट न बघता टीएलडी सुरू केली, एचआयव्ही होऊ नये म्हणूनची गोळी. ७२ तास उलटले की उपयोग नसतो, माझी पहिली गोळी तासाभरात पोटात. रोज एक, २८ दिवस. रक्तही तेव्हाच घेतलं. मी वेड्यासारखी म्हणतेय, आज काय दिसणार? अगं, ते आजचं नसतंच, आधीचं काही नव्हतं याची नोंद.

छळलं ते मोजण्याने. लॅबमधला एक शहाणा म्हणाला, पीसीआर करा, थेट व्हायरसच शोधतात, दहा दिवसांत कळतं. कळलं तर कळतं! त्यालाही कधी ३३ दिवस लागतात. मोठ्या लॅबच्या अँटिजेन-अँटिबॉडी टेस्टला ४५ पर्यंत, बोटातून थेंब घेणाऱ्या रॅपिडला ९० पर्यंत. त्यात गोळ्यांनी रक्तात दिसणं आणखी लांबू शकतं. म्हणून तारखा दिल्या सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने. कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांमध्ये मी बारीक ठिपके देत गेले. सासूबाई म्हणाल्या, “हे कसले गं? दूध तर रोज आलंय.”

दुधावरून आठवलं. चिमी पावणेदोन वर्षांची, रात्री अजून अंगावर प्यायची. प्रिक झालं त्याच रात्री तोडलं, दुधातून तिला काही जायला नको. कोरफड लावली. तिने चाटलं, तोंड वेडंवाकडं केलं, माझ्याकडे बघितलं, पदराने पुसलं आणि पुन्हा तोंड लावायला आली. मी पाठ फिरवून झोपले. सकाळी सासूबाई खूश, एकदाचं तोडलंस म्हणून.

ह्यांना तिसऱ्या दिवशी सांगितलं. म्हटलं, सुई पॉझिटिव्ह पेशंटची असली तरी हजारात तिघांनाच होतं. हे म्हणाले, “तुला लॉटरी कधी लागलीये?” पण संध्याकाळी गुपचूप कंडोम घेऊन आले, तेही ओगलेवाडीहून. इथला मेडिकलवाला ओळखीचा ना!

आणि रोज रात्री गोळी घेताना तू आठवायचीस. सोलापूरचं हॉस्टेल, थर्ड इयर. तुला प्रिक झालं तेव्हा मी म्हणाले, “नाटकं नको करूस, सुईच तर आहे.” वर मेट्रनच्या कानावर घातलं. तीन आठवडे तू बोलली नाहीस. मला वाटायचं, राग मेट्रनचा आहे. (माझा स्टोव्ह तू जाळलास तो हिशेब मात्र वेगळा. तो मी सोडलेला नाही.)

काल बेचाळीस दिवस झाले. आयसीटीसीत, सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात गेले, आमच्याकडच्या नाही, दुसऱ्या. काउन्सेलरने संमतीची सही घेतली, म्हणाली, “घाबरू नका सिस्टर, २०१७ चा कायदा आहे, नाव बाहेर जात नाही.” किटवर कंट्रोलची एकच रेघ. निगेटिव्ह. ती हसली, मीही हसले, आणि जिना उतरताना मोजलं, गोळ्या संपून पंधराच दिवस झालेत. म्हणजे ही रेघ अजून अर्धीच. ९ सप्टेंबर, मग ९ डिसेंबर. कावीळ ‘सी’चं रक्तही त्यातच. ‘बी’ची लस आहे.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? भाऊजींची बदली झाली म्हणे. पोराची दहावी, तेव्हा तू मेलीच असशील. लिही काहीतरी.

आणि एक. तू तेव्हा सहा महिन्यांची टेस्ट केली होतीस का गं? सोबत कोण आलं होतं? मी कधी विचारलंच नाही.

तुझी,
शोभी