चार टक्क्यांचा नियम कोणत्या देशाचा?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या अर्थविषयक पानावर निवृत्तीच्या नियोजनासंबंधी जे लेख येतात, त्यांत एक सल्ला वारंवार वाचायला मिळतो. निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेतून पहिल्या वर्षी चार टक्के काढावेत, पुढे दरवर्षी त्यात महागाईइतकी भर घालत जावे, म्हणजे पैसा तीस वर्षे पुरतो. किंवा हेच उलट बाजूने सांगायचे तर, वार्षिक खर्चाच्या पंचवीसपट रक्कम साठली की निर्धास्त व्हावे. हा नियम आला कोठून आणि तो कोणत्या गृहीतकांवर उभा आहे, हे मात्र लेखात क्वचितच असते. माझे म्हणणे तेवढ्यापुरतेच आहे.

विल्यम बेंगन या अमेरिकी वित्तसल्लागाराने १९९४ साली हा हिशेब मांडला. त्यासाठी त्याने १९२६ पासूनचे अमेरिकेतील शेअर, सरकारी रोखे आणि महागाई यांचे आकडे घेतले होते आणि निम्मी किंवा त्याहून अधिक रक्कम शेअरमध्ये राहील असे धरले होते. पुढे त्याने स्वतः हा आकडा वाढवलाही. पण तोही अमेरिकेच्याच आकड्यांवरून. विसाव्या शतकातील अमेरिका हा गुंतवणूकदाराच्या दृष्टीने विलक्षण नशीबवान देश होता, ही गोष्ट या हिशेबात मुरलेली आहे. वेड फाउ या अभ्यासकाने २०१० मध्ये हाच हिशेब सतरा विकसित देशांच्या आकड्यांवर करून पाहिला, तेव्हा बहुसंख्य देशांत चार टक्के टिकले नाहीत. युद्धात होरपळलेल्या जपान, जर्मनी, इटलीसारख्या देशांत तर पैसा न संपता दरवर्षी काढता येईल असा सुरक्षित दर दोन टक्क्यांच्याही खाली गेला. युद्धाचा काळ अपवाद म्हणून सोडून देऊ म्हटले, तरी जपानचा निक्केई हा शेअर निर्देशांक १९८९ च्या अखेरीस ज्या उंचीवर होता ती पुन्हा गाठायला त्याला २०२४ उजाडले. १९८९ मध्ये साठीत निवृत्त झालेला जपानी गृहस्थ तोवर पंचाण्णव वर्षांचा झाला असता. आपल्याकडे सेन्सेक्सचे आधारवर्ष १९७८-७९ आहे. म्हणजे तीस वर्षांचे, एकमेकांत न मिसळणारे दोन कालखंडसुद्धा आपल्या हाती नाहीत, आणि तरीही भारतासाठी तीन टक्के, साडेतीन टक्के असे नेमके आकडे छातीठोकपणे सांगितले जातात, याचे मला नवल वाटते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे चार टक्के अमेरिकी निवृत्ताच्या लेखी एकमेव उत्पन्न नसते. त्याला सोशल सिक्युरिटी ही सरकारी पेन्शन मिळते, सरासरी महिन्याला दोन हजार डॉलरच्या आसपास, आणि १९७५ पासून ती महागाईनुसार आपोआप वाढते. पासष्टाव्या वर्षी त्याला मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा लागू होतो. पोट आणि दवाखाना यांची निदान थोडी तरी सोय झाल्यावर उरलेल्या खर्चासाठी जमा रक्कम कशी वापरावी, एवढाच त्या नियमाचा प्रश्न होता.

आता आपल्याकडे पाहा. मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो. माझ्या पेन्शनवरचा महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, त्यामुळे माझी परिस्थिती त्या अमेरिकी माणसाशी थोडीफार जुळते. पण नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला माझ्या काउंटरवर जी रांग लागत असे, तीत सहकारी साखर कारखान्यांतून आणि सूतगिरण्यांतून निवृत्त झालेले कितीतरी लोक असत. त्यांची पासबुके मी भरून दिली आहेत. महिन्याच्या सुरुवातीला हजार, बाराशे, सतराशे रुपयांची एक नोंद, आणि पुढच्या वर्षी तीच नोंद, तोच आकडा. त्यांना लागू असलेल्या ‘कर्मचारी पेन्शन योजना, १९९५’ या योजनेत महागाईशी जोडलेली वाढ नाही. किमान पेन्शन २०१४ पासून एक हजार रुपये आहे. पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेत पस्तीस वर्षे नोकरी केली, तरी सूत्राप्रमाणे साडेसात हजारांच्या आसपास रक्कम बसते. शेतमजूर, रिक्षाचालक किंवा किराणा दुकानदार यांना तेवढेही नाही. अशा माणसाच्या जमा रकमेवर तो घरखर्च, औषधपाणी आणि अडीअडचण असा सगळाच भार असतो. ज्या नियमाने हा भार कधी मोजलाच नाही, तो नियम त्याला सांगण्यात काय हशील?

येथे कोणी म्हणेल की आपल्याकडे महागाई जास्त असली तरी व्याजही जास्त मिळते. हे अर्धेच खरे आहे. सहा टक्के महागाईत खर्च बारा वर्षांत दुप्पट आणि चोवीस वर्षांत चौपट होतो. तीन टक्क्यांत तो चोवीस वर्षांत केवळ दुप्पट होतो. सात टक्क्यांच्या मुदत ठेवीवर जो वीस टक्के कर भरतो, त्याच्या हाती ५.६ टक्के उरतात, म्हणजे महागाईपेक्षा कमीच. (नव्या करप्रणालीत बऱ्याच पेन्शनरांना कर लागत नाही हे मान्य, पण पंचवीसपट रक्कम साठवू शकणाऱ्यांपैकी पुष्कळांना तो लागतो.) शिवाय व्याजदर आपल्या हातात नसतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर आज ८.२ टक्के आहे, पण २०२० मध्ये तो ७.४ टक्क्यांवर आला होता, आणि तो दर असताना ज्यांनी पैसे गुंतवले त्यांना पाच वर्षे तोच दर मिळाला.

मोठे घर विकून लहान घरात जाण्याचा सल्लाही असाच परका आहे. आमच्या सांगलीत जुन्या घराच्या मिळकतपत्रिकेवर भाऊ, बहिणी, दिवंगत काकांचे वारस अशी नावांची रांग असते. विकायचे म्हटले की आधी सह्या जमवाव्या लागतात. राहत्या घरावर उलटे कर्ज घेण्याची, म्हणजे घर तारण ठेवून बँकेकडून ठरावीक रक्कम घेत राहण्याची योजना (रिव्हर्स मॉर्गेज) आपल्याकडे २००७ पासून आहे, पण बँकेतल्या माझ्या सगळ्या नोकरीत ती विचारायला आलेला ग्राहक मला आठवत नाही.

परदेशात राहून परत येऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर दोन्हीकडचे नियम एकत्र पाहावे लागतात. ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात मिळते, पण येथे स्थायिक झाल्यावर तिची वार्षिक वाढ थांबते. मंचेस्टरमध्ये राहिलेल्या सहकाऱ्याची वाढत राहते, पुण्यात आलेल्याची गोठते. अमेरिकेचे मेडिकेअर साधारणपणे भारतातल्या उपचारांचा खर्च देत नाही, आणि सत्तरीच्या घरात येथे नवा आरोग्यविमा घ्यायला गेले की हप्ता ऐकूनच माणूस परत फिरतो. तेथील सल्लागाराने करून दिलेला तक्ता तेथे कितीही बरोबर असला, तरी परतीचे तिकीट काढण्यापूर्वी तो नव्याने मांडावा लागतो.

लवकर बचत सुरू करावी, दलालीचा खर्च कमी ठेवावा, सगळा पैसा एका ठिकाणी ठेवू नये, हे सल्ले कोणत्याही देशात चालतील आणि त्यांबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो आकड्यांबद्दल. आपल्या पानावर असा नियम छापताना तो कोणत्या देशाच्या, कोणत्या वर्षांच्या आकड्यांवर बेतला आहे आणि त्यात सरकारी पेन्शन व वैद्यकीय खर्च कसा धरला आहे, हे दोन ओळींत द्यावे, अशी विनंती आहे. आणि कधीतरी एखादा लेख दरमहा दीड-दोन हजार पेन्शन असलेल्या वाचकासाठीही लिहवून घ्यावा. पंचवीसपट रक्कम ज्याच्याकडे कधीच जमणार नाही, त्याने मुलांवर किती विसंबावे, गावी परतावे का, साठीनंतर कोणते काम धरावे, याचा हिशेब त्यात असावा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली