सिझेरियनचे ‘पॅकेज’ आणि हातात पडणारे बिल

महोदय,

खासगी रुग्णालयात सिझेरियनचा खर्च विचारला की एकच आकडा सांगितला जातो. त्यात काय धरलेले नाही, हे सातव्या महिन्यातच लेखी मागावे. भूलतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञांची फी, औषधे, रक्ताची पिशवी, जादा मुक्काम हे बरेचदा पॅकेजबाहेर असते. बाळाला काचेच्या पेटीत ठेवावे लागले तर त्याचे बिल वेगळे आणि दिवसागणिक वाढणारे. हिशेब कोलमडतो तो इथेच. राज्याच्या 2021च्या सुधारित नियमांनुसार शुश्रूषागृहांनी दरपत्रक लावणे बंधनकारक आहे. भिंतीवर दिसले नाही तर मागावे.

विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. वैयक्तिक पॉलिसीत प्रसूतीसाठी बहुधा नऊ महिने ते चार वर्षे प्रतीक्षा असते. दिवस गेल्यावर घेतलेली पॉलिसी त्या बाळंतपणाला कामी येत नाही. कंपनीच्या गटविम्यात प्रतीक्षा सहसा नसते, पण प्रसूतीची मर्यादा एकूण रकमेपेक्षा बरीच कमी असते. खोलीभाडे मर्यादेबाहेर गेले तर अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फीही त्याच प्रमाणात कापतात. म्हणजे महागड्या खोलीची किंमत दोनदा मोजायची!

सरकारी रुग्णालयात 2011पासून जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, सात दिवसांपर्यंतचा आहार आणि ने-आण मोफत आहे. मात्र प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रात्री भूलतज्ज्ञ असतोच असे नाही. तो असतो का, नसेल तर पुढे कुठे पाठवतात, हे आशाताईंकडून आधीच विचारून ठेवावे.

– एक वाचक, नाशिक