दिन्या, पिग्मीचं कार्ड सापडलं

प्रिय दिन्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. दोनदा तुझा फोन आला, तोही घेतला नाही. राग आला असेल तर रास्त आहे. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर ताब्यात. पुढचं मात्र सलग वाच, तुझ्या सवयीप्रमाणे शेवटचं पान आधी उघडू नकोस.

मी म्युच्युअल फंडात पैसे घालतोय. चौदा महिने झाले. दर दहा तारखेला दोन हजारांची एसआयपी, म्हणजे ठरलेला हप्ता, निफ्टी ५० च्या एका इंडेक्स फंडात; निफ्टीच्या यादीतल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर तो घेतो. तुला बोललो नाही, कारण पैसे दुसऱ्याच्या हाती देण्याचा विषय आपल्या दोन घरांत कसा बसतो ते तुला ठाऊक आहे.

गेल्या गुरुवारी दुकान बंद करून मोबाइल उघडला. घातलेले २८,०००, आजची किंमत २६,३४०, लाल अक्षरांत. सुनंदा मागेच उभी होती. तिनं एवढंच विचारलं, “बुडाले का?” आणि दिन्या, मला थेट पेठ दिसली. बुडालेल्या पतसंस्थेचं शटर, त्यावर खळीनं चिकटवलेला कागद, आणि आमचे दादा अनवाणी रस्त्यात उभे.

झोप लागली नाही. सकाळपासून बसलो आणि आपण घेतलंय ते काय आहे हे मुळापासून लावून घेतलं. हे आधीच करायला हवं होतं.

माझा पहिला प्रश्न एकच होता: पैसे असतात कुणाकडे? पतसंस्थेला आपण पैसे उसने देत होतो. तिनं ते पुढे कुणाला वाटले ते संचालकांना माहीत. बुडाल्यावर आपण रांगेत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. फंडात पैसा ट्रस्टचा असतो. विश्वस्त वेगळे, गुंतवणूक सांभाळणारी कंपनी वेगळी, आणि घेतलेले शेअर तिसऱ्याच संस्थेच्या ताब्यात, तिला कस्टोडियन म्हणतात. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या नियमांनी हे बांधून दिलंय. उद्या ती कंपनी बुडाली तरी तिच्या सावकारांना आपल्या शेअरांना हात लावता येत नाही.

म्हणजे सगळं सुरक्षित, असं मी सुनंदाला सांगितलं नाही. भाव पडला की आपले पैसे कमी होतात, तिथे कुणाचीच हमी नाही. जानेवारी २०२० मध्ये बारा हजारांवर असलेला निफ्टी २३ मार्चला ७,६१० वर आला होता. त्या नोव्हेंबरात तो परत वर गेला, पण दर वेळी इतक्या लवकर जाईल असं कोण लिहून देणार? रोख्यांचे फंड तरी निवांत म्हणावेत, तर एप्रिल २०२० मध्ये एका फंड कंपनीनं सहा योजना एकदम बंद केल्या आणि लोकांचे पैसे कित्येक महिने अडकले. म्हणून ओंकारच्या कॉलेजचे, सहा वर्षांनी लागणारे पैसेच इथे ठेवलेत. आईच्या दवाखान्याचे बँकेत, एफडीत.

पण एक गोष्ट कळली आणि मी उठून अंगणात जाऊन आलो. रोज रात्री फंडातल्या सगळ्या शेअरांचा त्या दिवशीचा भाव मांडतात, खर्च आणि देणी वजा करतात, उरेल त्याला फंडाच्या एकूण युनिटांनी, म्हणजे हिश्श्यांनी, भागतात. ती एनएव्ही, एका युनिटाची किंमत. पडली तर पडलेलीच दाखवतात. आणि आपल्या पतसंस्थेच्या पासबुकावर? चौदा टक्क्यांनी आकडा वाढतच होता. शटर खाली आलं त्या दिवसापर्यंत तो एकदाही खाली आला नाही. मला तो लाल आकडा आता आवडायला लागलाय.

फंड विकणाऱ्या पक्याशी मात्र वाजलं. तो म्हणतो, नवीन फंड आलाय, दहा रुपयांत युनिट, तुझं दीडशेचं महाग. मी म्हटलं, एका भाकरीचे चार तुकडे केले काय आणि आठ केले काय, भाकरी तेवढीच. मग तो डायरेक्ट प्लॅनवरून, म्हणजे मी एजंटाशिवाय थेट फंड घेतला यावरून, रुसला, कारण त्यात त्याचं कमिशन नाही. त्याची मेहनत मी नाकारत नाही; ज्याला स्वतः बघायला जमत नाही त्यानं पक्याकडूनच घ्यावं. पण तुझ्या लग्नात जिलेबीवरून जसा तोंड फिरवून बसला होता, अगदी तसाच बसला.

आता लिहिण्याचं खरं कारण. पहिल्या हप्त्याला दोन हजारांतले १,९९९.९० च गुंतवलेले दिसले. दहा पैसे कुठे गेले? मुद्रांक शुल्क, ०.००५ टक्के. बाकीच्याचे १२.६२० युनिट. हा शोध घेताना वाटलं, दादा असेच बसायचे पैशापैशाचा मेळ घालत, म्हणून त्यांची पत्र्याची पेटी काढली. तळाशी पतसंस्थेच्या पिग्मीचं, रोजच्या ठेवीचं, कार्ड. रोज दहा रुपये, आणि रोजच्या चौकोनात ते गोळा करायला येणाऱ्या तुझ्या अण्णांची निळी सही. पंधरा ऑगस्टलाही आहे. भर पावसातल्या एका दिवशी शाई पसरलीय, पण सही आहे.

त्याच कार्डात चिठ्ठी होती. १९९९ च्या डिसेंबरात, संस्था बुडाल्यावर, अण्णांनी आमच्या आजीचे अठराशे स्वतःच्या खिशातून दिले होते. दादांनी हे आम्हाला कधी सांगितलं नाही. आणि मी दहावीत, घाटावर, सगळ्यांसमोर तुला म्हणालो होतो की तुझ्या बापानं आमचं दुकान खाल्लं. तू वर्षभर बोलला नाहीस. अण्णा रोज जमवत होते आणि रोज संध्याकाळी भरत होते. पुढे पैसा कुठे जातो हे त्यांना दिसायची सोयच नव्हती. ते मला आता, सत्तावीस वर्षं जवळ आल्यावर, समजतंय. चुकलं रे माझं.

ऋतुजाचा प्रवेश झाला का? वहिनींची बदली पुण्यातच राहिली म्हणे, बरं झालं. नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला की कळव.

चिठ्ठी आणि कार्ड दोन्ही प्लास्टिकच्या पाकिटात घालून गल्ल्यात ठेवलंय. अण्णांना हल्ली जुनं काढलं की त्रास होतो असं तू म्हणाला होतास. त्यांना दाखवायचं का? हो म्हणालास तर मी स्वतः घेऊन येतो, रविवारी, पहिल्या एसटीनं.

तुझा,
सुऱ्या