शिळावर्तुळांची नोंद सातबारावर हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूर-काटोल रस्त्यापासून आत एका शेतात गेल्या पंधरवड्यात मुरमासाठी जेसीबी चालला आणि एका शिळावर्तुळाची निम्मी कड गेली. बांधावर ढकललेले धोंडे मी पाहिले. त्यांतल्या एकावर ओळीने कोरलेले, अंगठा बसेल एवढे खळगे होते. ठेकेदाराच्या माणसाला हटकले, तर "सातबारावर तं काहीच नाही जी," असे उत्तर मिळाले, आणि ते खोटे नव्हते.

ही वर्तुळे म्हणजे लोहयुगीन दफने. धोंड्यांच्या कड्याच्या आत माती-गोट्यांचा भराव आणि त्याखाली काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, क्वचित घोड्याचा तांब्याचा साज सापडतो. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील सुमारे ३०० वर्तुळे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. शिवारांत विखुरलेल्या बाकीच्यांना मात्र वाली नाही. ज्या मुरमाड, पडीक जमिनीमुळे ती नांगरापासून वाचली, त्याच मुरमाला आता भाव आला आहे.

पारशिवनी तालुक्यातील नैकुंद येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननात दफनांबरोबरच लोखंड गाळण्याची सुमारे २७०० वर्षांपूर्वीची भट्टी, लोहमळ (लोखंड गाळताना उरणारा मळ) आणि भात्याच्या मातीच्या नळ्या मिळाल्या. शेजारच्याच रामटेक तालुक्यात, मनसर-कांद्री भागात, विसाव्या शतकाच्या आरंभी मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या, आणि हे खनिज लागते तेही पोलादालाच. इतक्या जवळच्या गोष्टींपैकी एक 'पुरातत्त्व' आणि दुसरी 'भंगार' का ठरावी, हे मला उमगलेले नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन स्मारकासाठी किमान १०० वर्षांची अट आहे. खाणींच्या त्या आरंभीच्या काळातले अवशेष जिथे टिकून असतील, तिथे ते आता या अटीत बसतात.

प्रत्येक वर्तुळाभोवती कुंपण घालावे आणि पहारेकरी नेमावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. महसूल विभागाने पुरातत्त्व खात्याच्या मदतीने गट क्रमांकनिहाय पाहणी करून, शिळावर्तुळे आणि जुन्या खाणींचे अवशेष यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यावी आणि मुरमाचा परवाना देण्यापूर्वी ती तपासणे बंधनकारक करावे. पाऊस पडला की रान माजून धोंडे झाकले जातात, म्हणून ही पाहणी येत्या उन्हाळ्यातच व्हावी.

आपला,
एक वाचक, नागपूर