विषय : ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घसरतो आहे आणि पाच जॉब कार्डांवर ‘नॉर्मल’ लिहिलं आहे

प्रति,
सर्व्हिस विभाग प्रमुख,
मुख्य कार्यालय

आज दुपारी तुमच्या कस्टमर केअरमधून फोन आला, की माझी तक्रार निकाली काढून बंद केली आहे. निकाली कुणी काढली? सकाळीच पार्किंगमधून गाडी काढताना मी रिव्हर्स टाकला, मनात तीन मोजले, तेव्हा कुठे धक्का देऊन गाडी हलली. हे सांगितलं तर मुलगी म्हणाली, “मॅडम, सिस्टीममध्ये सॉल्व्ह्ड दिसतंय.” म्हणून आता लेखी देते आहे.

गिअरबॉक्स कोणता, कसा चालतो, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तो तुम्हीच बसवला आहे. रनिंग ४१ हजार, वॉरंटी येत्या दसऱ्यापर्यंत, पहिली तक्रार फेब्रुवारीतली. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना आरपीएमचा काटा दोन हजारांवरून साडेतीन हजारांवर जातो, इंजिन ओरडतं आणि वेग आहे तिथेच राहतो. गाडी थंड असताना हे होत नाही. अर्धा तास चालून तेल तापलं की सुरू होतं. तुमचा माणूस ट्रायल घेतो ती सकाळी, थंड गाडीची, वर्कशॉपपासून पुढच्या यू-टर्नपर्यंत. मग दोष दिसणार कसा? पाचही वेळा मी सांगितलं, की गाडी तापवून बघा. पाचही वेळा तसंच.

मे महिन्यात मुंबईहून परत येताना कसारा घाटात गाडीने ओढ सोडली. पाय खाली दाबलेला, इंजिनचा नुसता आवाज, आणि गाडी चढावर मंदावत चाललेली. मागे ट्रेलर हॉर्न देत होता, मधल्या सीटवर सासूबाई आणि दोन्ही मुलं. कडेला घेतली तेव्हा खालून करपट वास येत होता. त्या दिवशी काय होऊ शकलं असतं, या विचाराने मला अजून झोप लागत नाही.

त्यानंतरच्या चौथ्या फेरीत तुमच्या इथल्या सर्व्हिस ॲडव्हायझरने जे केलं, ते शब्दशः लिहिते. त्याने मान वर करून पहिलं विचारलं, “सर नाही आले?” मी म्हटलं, गाडी माझ्या नावावर आहे, चालवते मी. तो म्हणाला, “नाही, जरा टेक्निकल आहे, सरांना समजावलं असतं.” मी म्हटलं, मला समजावा. मग, “मॅडम, आधी गिअरची गाडी होती ना? ऑटोमॅटिकला पाय हलका ठेवावा लागतो.” मी १९ वर्षं गाडी चालवते. काट्याचा व्हिडिओ दाखवला, तर त्याने फोन न बघताच टेबलावर ठेवला. मी विचारलं, गिअरबॉक्सचं ऑइल तपासलं का? “ते लाइफटाइम असतं, तपासायचं नसतं.” आणि एवढं बोलून तो माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नववीतल्या मुलाकडे वळला आणि सॉफ्टवेअर अपडेट म्हणजे काय ते त्याला समजावू लागला. माझ्याच गाडीबद्दल, मी समोर असताना. मुलाने खाली मान घातली. घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

लाइफटाइम ऑइल गळतं तेव्हा काय करायचं, याचं उत्तर तुमच्याकडे नसलं तरी अंबडच्या एका मेकॅनिककडे होतं. त्याने गाडी लिफ्टवर घेतली, इंजिन चालू ठेवलं, स्कॅनरवर तेलाचं तापमान तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढं येऊ दिलं आणि लेव्हलचा बोल्ट काढला. पातळी बरोबर असती तर तेल ओघळलं असतं. एक थेंब आला नाही. गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपच्या जोडावर मात्र काळसर ओल होती. त्याने ती पांढऱ्या फडक्याने पुसून फडकं माझ्या हातात दिलं, करपलेला वास तोच, घाटातला. तेल कमी पडलं की पंप हवा ओढतो, तेलाचा दाब कमी होतो, क्लच प्लेटा घसरतात आणि जळतात. वीस मिनिटांत त्याने हे मला सांगितलं, मलाच. वॉरंटी आहे म्हणून त्याने काही उघडलं नाही, तेलही भरलं नाही, बोल्ट परत बसवला. व्हिडिओ सोबत जोडला आहे.

तुमच्या पहिल्याच जॉब कार्डवर पी ०७३० हा कोड आहे. गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, असं गाडी स्वतः सांगत होती. तुम्ही कोड पुसला आणि गाडी परत दिली. पाच महिन्यांत एकाही माणसाने तेलाची पातळी बघितली नाही. तेल बघितलं नाही, हे मी परत परत लिहिते आहे, कारण तेव्हाच बघितलं असतं तर कदाचित एका सीलवर भागलं असतं.

आता नुसतं तेल भरून गाडी माझ्या हातात देऊ नका. माझ्यासमोर गिअरबॉक्सच्या तळाचा तेलाचा पॅन उघडा, तळाशी काय साचलंय ते बघू द्या, तापलेल्या गाडीवर लाइन प्रेशर, म्हणजे गिअरबॉक्समधल्या तेलाचा दाब, मोजा आणि आकडे जॉब कार्डवर लिहा. प्लेटा जळल्या असतील तर ओव्हरहॉल किंवा नवा गिअरबॉक्स, वॉरंटीत. दसरा उलटेपर्यंत तारखा देत राहण्याचा विचार असेल तर तो सोडा. तक्रार वॉरंटीच्या काळातली आहे आणि प्रत्येक कागद मी जपून ठेवला आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवीन आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. घाटातल्या प्रसंगासकट सगळं मांडीन.

माझ्या वडिलांची पहिली गाडी तुमचीच होती. नाशिक-धुळे करत त्यांनी ती दोन लाख किलोमीटर चालवली. त्यांच्या शब्दावर मी ही घेतली. त्यांना अजून यातलं काही सांगितलेलं नाही.

येत्या मंगळवारी सकाळी गाडी घेऊन मी स्वतः येते आहे, घोटीपर्यंत जाऊन, तापवून. जे सांगायचं असेल ते मला सांगा.

गाडीची मालक,
नाशिक