वजन बरोबर, तरी कापडात पट्टी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

धुळे, शिरपूर आणि शेजारच्या मालेगावच्या यंत्रमागांवर विणलेल्या पॉलिस्टर कापडात रंगाईनंतर पट्टी दिसली की वाद ठरलेल्या वाटेने जातो. मागवाला रंगाईवाल्याकडे बोट दाखवतो, रंगाईवाला सूत-व्यापाऱ्याकडे, आणि व्यापारी काटा पुढे करतो. ९० मीटरची लडी काढली, ग्रॅममधले वजन शंभराने गुणले, डेनियर (९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन) बरोबर आले, म्हणजे धागा बरोबर. या शेवटच्या वाक्यातच चूक आहे आणि ती दाखवण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत.

पॉलिस्टरचा धागा वितळलेल्या रसातून निघतो. पॉलिस्टरचे दाणे, म्हणजे चिप्स, नीट वाळवून साधारण २८५ ते २९५ अंशांवर वितळवतात. गिअर पंप हा रस मोजून पॅकमध्ये ढकलतो. पॅकमधल्या जाळ्या आणि वाळू किंवा धातूची भुकटी यांतून गाळला जाऊन तो स्पिनरेट नावाच्या पोलादी प्लेटच्या बारीक छिद्रांतून खाली उतरतो. खाली थंड हवा लागते, तंतू घट्ट होतात, तेलपाणी लागते आणि मिनिटाला तीन-साडेतीन हजार मीटर वेगाने बॉबिनवर गुंडाळले जातात. या अर्धवट ताणलेल्या धाग्याला बाजारात पीओवाय म्हणतात. आता नेमके काय घडते ते पाहा. एका धाग्याला किती रस मिळायचा हे पंप ठरवतो, म्हणून धाग्याचे एकूण वजन बरोबरच येते. तो रस प्लेटच्या, समजा ३६, छिद्रांत कसा वाटला जातो हे मात्र प्लेट ठरवते. लडीचा काटा पंपाची परीक्षा घेतो. प्लेटची परीक्षा तो घेऊच शकत नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी कुरडया होतात. सोऱ्याच्या चकतीची दोन-चार भोके वाळलेल्या चिकाने अर्धवट बुजली, तर दांडा तेवढाच दाबूनही तिथून बारीक तार निघते आणि मोकळ्या भोकांतून जाड. सोऱ्यातून पडलेला एकूण चीक तेवढाच असतो. स्पिनरेटमध्ये हेच घडते, फक्त भोक पाव मिलिमीटरचे असते आणि चूक मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजावी लागते.

चूक एवढी महाग का पडते, तर अरुंद नळीतून जाणाऱ्या घट्ट द्रवाचा प्रवाह नळीच्या व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. हागेन आणि प्वाझय यांनी हा नियम १८४० च्या आसपास स्वतंत्रपणे दाखवून दिला. प्लेटवरच्या सगळ्या छिद्रांवर दाब जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे व्यासातला १ टक्का फरक प्रवाहात ४ टक्के होऊन बाहेर येतो. बाजारातल्या चालू मापाचे उदाहरण घेऊ. १२६ डेनियर, ३६ तंतू, ३२०० मीटर वेग. मिनिटाला साधारण ४५ ग्रॅम रस, म्हणजे दर छिद्राला सव्वा ग्रॅम. छिद्र ०.२५ मिमी असेल तर प्रत्येक तंतू साडेतीन डेनियरचा यायला हवा. त्यातले एक छिद्र ०.२६ मिमी निघाले, तर तिथून १७ टक्के रस जास्त येतो आणि तंतू ४.१ डेनियरचा होतो. दुसरे ०.२४५ निघाले, तर तिथला तंतू ३.२ वर येतो. लडीत मात्र १२६ च भरतात.

यातला जाड तंतू उशिरा थंड होतो, त्यातले रेणू कमी ताणले जातात, म्हणून तो रंग जास्त पितो. बारीक तंतू लवकर घट्ट होतो, जास्त ताण सोसतो, फिका दिसतो आणि टेक्सचरायझिंगच्या (धागा ताणून, पीळ देऊन फुलवण्याच्या) तापात आधी तुटतो. कोनवर, म्हणजे धाग्याच्या शंकूसारख्या रिळावर, दिसणारी लव बहुधा अशा तुटक्या तंतूंचीच असते. मागावर एका कोनचा बाना (आडवा धागा) संपून दुसऱ्या प्लेटवरून आलेला कोन लागतो, तिथे रेघ उमटते. रंगाईवाल्याने कितीही वेळा रंग उतरवून पुन्हा चढवला तरी ती जात नाही. ती रंगात नाही, धाग्यातच आहे.

प्लेट घेताना लोक फक्त व्यास विचारतात. छिद्राची लांबी विचारणारा क्वचितच भेटतो. वरून दोन-तीन मिमीचे रुंद भोक, त्याखाली साधारण ६० अंशांचा शंकू आणि शेवटी बारीक सरळ नळी, अशी छिद्राची रचना असते. मोजमापाचे काम ही शेवटची नळी करते. तिची लांबी व्यासाच्या दोन ते चार पट ठेवतात, म्हणजे ०.२५ ला अर्धा ते एक मिमी. शंकू कोरताना हत्यार ०.०२ मिमी जास्त खाली गेले, तर अर्ध्या मिमीची नळी ४ टक्क्यांनी आखूड होते आणि प्रवाह तेवढाच वाढतो. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही, कारण खालचा व्यास अचूक असतो. आमच्या मते नळी दोन पटींपेक्षा तीन पटींची घेतलेली बरी. शंकूच्या लहानसहान चुका लांब नळीत कमी जाणवतात, दाबाचा मोठा वाटा तिच्यात खर्च झाल्याने वाटणी सारखी होते आणि बाहेर पडताना रस फुगतो तेही कमी होते. पंपाला आणि पॅकच्या गास्केटला जास्त दाब सोसावा लागतो, तेवढी तयारी मात्र हवी. शंकू सपाट ठेवून पैसे वाचवणाऱ्याच्या प्लेटीत कोपऱ्यांत रस साचून राहतो, करपतो आणि त्याचे काळे कण पुढे निघतात.

तापमानाचा विषय थोडक्यात. २८५ अंशांच्या आसपास एका अंशाला पॉलिस्टरच्या रसाचा घट्टपणा साधारण दोन टक्के बदलतो. प्लेटचा काठ मधल्या भागापेक्षा तीन अंश गार असेल तर अचूक छिद्रेसुद्धा सहा टक्के फरक दाखवतील. म्हणून पॅक भट्टीत पूर्ण तापवूनच बसवावा, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि थंड हवेचा झोत प्लेटच्या तोंडाला लागू देऊ नये. आपल्याकडे वैशाखात बाहेर ४५ अंश असताना ही हवा २० अंशांच्या आसपास, सेकंदाला अर्ध्या मीटरच्या संथ गतीने द्यायची असते. चिलरवर काटकसर केली तर मागच्या रांगेतले तंतू पुढच्या रांगेने तापवलेली हवा घेतात. छिद्रांच्या रांगा एकमेकींच्या फटींत येतील अशा आखतात त्या यासाठीच. एवढ्याशा प्लेटवर ३६ ऐवजी ७२ छिद्रे दाटीने मारून घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता साफसफाई. चांगली प्लेट बिघडते ती बहुतेक इथेच. छिद्राची खालची कड धारदार आणि स्वच्छ असली तर रस सरळ खाली उतरतो. कडेवर करपलेला थर बसला किंवा कड दुमडली, की तंतू बाहेर पडताच गुडघ्यासारखा वाकतो, प्लेटच्या तोंडाला चिकटतो आणि थेंब होऊन पडतो. म्हणून ठरावीक तासांनी तोंड पितळी पट्टीने खरवडून सिलिकॉन फवारतात. पट्टी पितळीच हवी. पोलादी पट्टीचा एक ओरखडा कडेवरून गेला की ते छिद्र कायमचे वाकडे वाहते.

पॅक उतरवल्यावर पॉलिस्टरची प्लेट निर्वात भट्टीत किंवा उकळत्या ट्रायइथिलीन ग्लायकॉलमध्ये स्वच्छ करावी, मग अल्ट्रासॉनिक टाकीत धुवावी आणि खालून उजेड देऊन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक छिद्र पाहावे. पॉलिप्रॉपिलीनला (चटईच्या धाग्याच्या प्लास्टिकला) ग्लायकॉल चालत नाही, ते भट्टीतच जाळावे लागते. गॅसच्या बर्नरवर प्लेट लाल होईपर्यंत तापवणे आणि बुजलेल्या छिद्रात पोलादी तार खुपसणे, या दोन गोष्टी अनेक ठिकाणी सर्रास चालतात. पहिलीने पोलादाची कठीणता जाते आणि प्लेट वाकते. दुसरीने नळीला आतून ओरखडे पडतात आणि व्यास वाढतो. तारेने ०.०१ मिमी खरवडले म्हणजे किती झाले याचा हिशेब वर दिलाच आहे.

वीज गेल्यावर पॅकमध्ये रस तापतच राहतो आणि करपतो. वीज आल्या आल्या धागा लावण्याची घाई केली, तर हे करपलेले कण छिद्रांत अडकतात. आधी काही मिनिटे रस वाहू द्यावा, तोंड पुसावे, मगच धागा लावावा. एक छिद्र पूर्ण बुजले तर उरलेल्या ३५ तंतूंना जवळपास तीन टक्के जास्त रस मिळतो आणि डेनियर पुन्हा बरोबरच येते. हे ओळखण्याचा बिनखर्ची उपाय आहे. धाग्याचा तुकडा काळ्या मखमलीवर ठेवून सुईने तंतू मोजावेत. ३६ च्या जागी ३५ निघाले तर काटा काय म्हणतो याला अर्थ नाही.

जळगावच्या चटईवाल्यांनी हे फक्त पॉलिस्टरचे दुखणे समजू नये. पॉलिप्रॉपिलीनचा रस छिद्रातून वेगाने ढकलला की जास्त पातळ होतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत चौथ्याऐवजी पाचव्या घाताच्या आसपासचा हिशेब लागतो. व्यासात ४ टक्के चूक म्हणजे प्रवाहात २० टक्क्यांहून जास्त फरक. पोकळ नळी काढायची असेल तर व्यासापेक्षा डायमधल्या (नळीच्या साच्यातल्या) पिनभोवतीच्या फटीची रुंदी महत्त्वाची. फट एका बाजूला रुंद झाली की नळीची भिंत तिकडे जाड होते आणि नळी गार होताना वाकते. ही पिन केंद्रात आहे की नाही हे दर वेळी डाय खोलल्यावर तपासायला हवे. चमकदार धाग्यासाठी त्रिदल (तीन पाकळ्यांची) छिद्रे घेणाऱ्यांनी एवढेच जाणावे की रस बाहेर पडताच गोल व्हायला बघतो. म्हणून छिद्राच्या पाकळ्या धाग्यात हव्यात त्यापेक्षा लांब आणि अरुंद ठेवाव्या लागतात, आणि त्या वायर-कटच्या (विजेच्या ठिणगीने तारेने कापण्याच्या) नेमक्या कामाशिवाय जमत नाहीत.

मागवाल्याला प्लेट कधीच दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळे सांगतो. पट्टीची तक्रार असेल तर दोन्ही कोनचे धागे मेणात किंवा राळेत बसवून आडवे कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लावा. साडेतीन डेनियरच्या गोल पॉलिस्टर तंतूचा व्यास सुमारे १९ मायक्रॉन येतो. वरच्या उदाहरणातल्या पीओवायमध्ये जाड तंतू २०.७ आणि बारीक तंतू १८.३ दिसेल. डेनियर व्यासाच्या वर्गाने चालतो, म्हणून डोळ्याला फरक लहान वाटतो. त्याने फसू नये, व्यास मोजून वर्ग काढावा. शंका असलेल्या दोन कोनांचा पायमोजा विणून एकत्र रंगवणे ही त्याहून सोपी चाचणी आहे. फरक असेल तर मोज्यावर पट्टा दिसतोच, आणि व्यापाऱ्यासमोर ठेवायला पुरावा मिळतो.

कताई करणाऱ्यांना विनंती अशी, की प्लेट मागवताना किमतीबरोबर मोजमापाचा तक्ता मागावा. त्यात प्रत्येक छिद्राचा व्यास, नळीची लांबी आणि कडेची स्थिती असावी. ०.२५ च्या छिद्राला व्यासात ०.००२ मिमीहून जास्त चूक चालवू नये. तेवढ्यानेही प्रवाहात तीन टक्के इकडे-तिकडे होतेच. प्लेटवर क्रमांक कोरून घ्यावा, त्या क्रमांकाचे कार्ड ठेवावे आणि प्रत्येक सफाईनंतर निदान दहा ठरलेली छिद्रे मोजून नोंद करावी. एकाच मशीनवर जुन्या आणि नव्या प्लेटी मिसळून लावू नयेत. घासून मोठ्या झालेल्या छिद्रांतून रस हळू उतरतो आणि खाली त्याला जास्त ओढ बसते, मग धाग्याची प्रत बदलते.

राहिला प्रश्न मोजायचे कुठे. एकेका लहान कारखान्याला कॅमेरा जोडलेले मोजमापाचे सूक्ष्मदर्शक परवडत नाही, आणि प्लेट सुरतेला पाठवली की चार-सहा दिवस मशीनची एक जागा बंद राहते. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात रसायन तंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय तंत्रनिकेतने आहेत. यांपैकी एका जागी एक मायक्रॉनपर्यंत वाचणारे उपकरण, सरकते टेबल, खालून उजेड आणि दोन प्रशिक्षित हात एवढी सोय झाली, तर कारखानदार शुल्क देऊन प्लेट तपासून घेतील. विद्यार्थ्यांना घनाकृतींच्या चित्रांऐवजी खरी छिद्रे मोजायला मिळतील. हे काम अभ्यासक्रमातल्या प्रात्यक्षिकात सहज बसते. औद्योगिक संघटनांनी यंत्राच्या खर्चात वाटा उचलावा आणि संस्थांनी आठवड्याचे दोन दिवस बाहेरच्या प्लेटींसाठी राखावेत, अशी आमची जाहीर मागणी आहे.

तोवर ज्यांना प्लेट बाहेर पाठवावीच लागते त्यांनी ती चिंधीत गुंडाळून ट्रकच्या केबिनमध्ये टाकू नये. तोंडाची बाजू कशालाही टेकणार नाही अशा खाचेच्या लाकडी पेटीत ती उभी ठेवावी, वर क्रमांकाचे कार्ड लावावे आणि पेटी हातोहात द्यावी.

आपले नम्र,
धागा व यंत्रमाग व्यवसायातील काही वाचक,
शिरपूर, धुळे व जळगाव