सोमवारच्या आधी पोचावं म्हणून

रत्नागिरी,
मंगळवार, रात्री

चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, सोमवारपासून मला ऑइल ड्रेनवर घेणारेत," आणि मी "बरं" म्हणून फोन आईकडे दिला. आईने नंतर विचारलं, पोरगी एवढी खुशीत सांगत होती आणि तुम्ही असे काय? मी म्हटलं, रेंज नव्हती. रेंज चांगली होती. आता जेवणं आटोपली, आई झोपली, तुझ्या पॉलिटेक्निकच्या वहीतली कोरी पानं फाडून बसलोय. तीन पानं फुकट गेली, हे चौथं.

आधी चांगलं लिहितो. मिरकरवाड्याच्या त्या बर्फ कारखान्यात मी 34 वर्षं काढली, पण कंप्रेसर रूममध्ये एक बाईमाणूस कामाला पाहिलं नाही. परवा जेटीवर विचारलं कुणीतरी, मनू काय करते? म्हटलं, तळोज्याला मासळीच्या प्लांटमध्ये आहे, अमोनियावर, म्हणजे थंडावा करणाऱ्या गॅसवर. "अमोनियावर?" मग मी परत सांगितलं, जरा मोठ्याने. तुमचा मासळी गोठवायचा ब्लास्ट फ्रीझर उणे 40 ला चालतो हेही सांगून टाकलं. आमची मजल मिठाच्या पाण्यात डबे बुडवून लादी काढण्यापर्यंत. आमच्याकडे सक्शनला, म्हणजे कंप्रेसर गॅस ओढतो त्या बाजूला, दीड-दोन किलो प्रेशर असायचं, तुमचं सक्शन व्हॅक्यूममध्ये जातं म्हणालीस, म्हणजे तिथे गळती झाली तर गॅस बाहेर यायच्या ऐवजी हवा आत. हे तू मला समजावून सांगितलंस तेव्हा मी गप्प ऐकत होतो. मला माहीत नव्हतं असं नाही. तू सांगतेस ते ऐकायचं होतं.

तर ऑइल ड्रेन.

तुला पुस्तकातलं सगळं येतं. कंप्रेसरमधून थोडं थोडं तेल गॅसबरोबर लाइनीत जातं, पातळ, म्हणजे द्रव झालेल्या, अमोनियापेक्षा जड म्हणून तळाला बसतं, ते अधूनमधून काढावं लागतं. नाहीतर कॉइलला आतून लेप बसतो आणि थंडावा मिळत नाही. इतकंच काम. पिंपातला गाळ काढावा तसं. म्हणून तर सगळ्यात नव्या माणसाला देतात, आणि म्हणूनच अमोनियाच्या प्लांटमध्ये माणसं भाजतात ती पुष्कळदा याच कामात. व्हॉल्व्ह उघडल्यावर त्यावरचा हात काढायचा नाही, मनू. कुणी हाक मारली तरी नाही. फोन वाजला तरी नाही. पळायचीच वेळ आली तर आधी बंद, मग पळ.

तुमच्याकडे स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आहे का, हात सोडला की आपोआप मिटणारा? असेल तर त्याचा दांडा कुणी तारेने बांधून ठेवलेला नाही ना, ते बघ. बांधतात. हात दुखतो म्हणून बांधतात.

तुझी आजी म्हणायची, या पोराच्या अंगाला शाळेच्या मुतारीचा वास येतो. तूही तेच म्हणालीस एकदा, बालवाडीत असताना, चारचौघांत. मी शर्ट पुढच्या दारी काढून मग घरात यायचो, आठवतं? आम्हाला स्वतःला तो वास येईनासा झाला होता. नाक सरावतं. गोष्ट वाईट आहे, कारण हा गॅस चोरासारखा येत नाही, आधी हाळी देऊन येतो. आठ तासांच्या पाळीला 25 पीपीएमची, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 25 भागांची, मर्यादा धरतात, नाकाला बहुतेक त्याच्या आधीच कळतं, आणि 300 ला जिवाला धोका. मधलं अंतर देवाने दिलेलं आहे, पण नाक सरावलं की ते वाया जातं. तुला वास आला आणि जुने लोक हसले, "नवीन आहेस, होईल सवय" म्हणाले, तर हसू दे. गंधकाची वात पेटवून सांध्याजवळ धर. पांढरा धूर उठला की तिथे गळतंय.

आणि वारा कुठून आहे ते गेटातून आत जातानाच बघायचं. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारी झोळी असेल लावलेली. आम्ही जेटीवरच्या बावट्यांवर भागवायचो. गॅस हवेपेक्षा हलका, वर जातो, हे खरं, पण पातळ अमोनिया सांडला की तो इतका थंड असतो की पांढरं धुकं होऊन जमिनीलगत सरपटतं. एक लिटर सांडला तर साडेआठशे लिटर गॅस. त्या धुक्यावर पाण्याचा फवारा मारायचा, पाणी गॅस पिऊन टाकतं. खाली साचलेल्या पातळ अमोनियावर मात्र पाणी ओतायचं नाही, तो उकळून दुप्पट उठतो. धुक्यावर पाणी, डबक्यावर नाही.

झालं, लेक्चर सुरू झालं. आई म्हणते तसं, यांना विचारलं वेळ किती तर घड्याळ उघडून दाखवतील. माफ कर. पण एक सांगतोच. आत कुणी पडलेला दिसला तर तू धावशील. मला माहीत आहे. विहिरीत मांजर पडलं तेव्हा रहाटाचा दोर धरून उतरलेली पोर तू, गुडघ्याची खूण अजून आहे. इथे तसं करायचं नाही. हवेच्या नळकांड्याचा सेट पाठीला लावल्याशिवाय आत पाऊल नाही. तोंडाला लावायचा डब्याचा मास्क असतो तो बाहेर पळण्यापुरता, गॅस दाट असला तर तो काही कामाचा नाही, हवा तो देत नाही, असलेली फक्त गाळतो. काहीच हाताशी नसेल तर ओढणी ओली करून नाकाला धर आणि वाऱ्याच्या आडव्या अंगाने बाहेर पड. पण बाहेर पड.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

तात्याचा डोळा फटाक्याने गेला नाही.

1998 सालची गोष्ट, तू नव्हतीस तेव्हा. मासेमारीची बंदी उठल्यावरचा पहिला आठवडा, लाँचा रांगेत, क्रशर दिवसरात्र चालू. मालक दर तासाला येऊन लाद्या मोजत होता. ड्रेन करायचं ते आधी ऑइल पॉटची, म्हणजे तेल साचतं त्या भांड्याची, वरची लाइन बंद करून, त्यातला गॅस सक्शनला उडू देऊन, प्रेशर शून्यावर आलं की मग. त्याला वेळ लागतो. मी वरची लाइन बंदच केली नाही. खालचा व्हॉल्व्ह अर्धा आटा उघडला, काही येईना. थंडीने तेल काकवीसारखं घट्ट झालेलं. आणखी एक आटा उघडला. तरी नाही. आणि तेवढ्यात ब्राइनच्या, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या, टाकीवरची मोटर ट्रिप झाली, मी तात्याला म्हटलं, जरा इथे बघ, आलोच. तो कंप्रेसरवरचा माणूसच नव्हता, डबे ओढणारा. काय बघायचं ते त्याला कोण सांगणार? तो वाकून तोंडाशी बघत होता, तेल का येत नाही म्हणून.

आवाज आला तो मला मोटरपाशी ऐकू आला. लांब "हुश्श" असा.

रिसिव्हरजवळ, म्हणजे पातळ अमोनिया साठवायच्या टाकीजवळ, पाण्याचं पिंप कायम भरलेलं ठेवायचं असा नियम होता. आदल्या दिवशी त्यात डासांच्या अळ्या दिसल्या म्हणून मीच ते उपडं केलं होतं. चार पावलांवर लाद्या सोडवायची टाकी होती, पाण्याने काठोकाठ. ती मला दिसली नाही. बर्फाच्या कारखान्यात उभा राहून मी पाणी शोधत होतो, मनू. कुणीतरी तांब्याभर पाणी त्याच्या तोंडावर मारलं, कुणीतरी घरातून खोबरेल आणून लावलं, आम्ही त्याला रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, पाणी किती वेळ मारलंत? आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

ॲसिड पडलं तर पडल्या जागी जाळून पुष्कळदा तिथेच अडतं. अमोनिया अडत नाही, डोळ्यातल्याच ओलाव्यात विरघळून आत आत जात राहतो. म्हणून पाणी, नुसतं पाणी, निदान 15 मिनिटं घड्याळ लावून, पापण्या बोटांनी फाकवून. तो ओरडेल, ओरडू दे. दवाखान्यात नेतानाही वाटेत पाणी घालत राहायचं. तेल नाही, लिंबू नाही, दूध नाही. कपडे अंगाला गोठून चिकटले असतील तर ओढायचे नाहीत, आधी भिजवून सैल करायचे.

घरी फटाका म्हणून सांगायचं हे तात्यानेच ठरवलं. माझी नोकरी जाईल म्हणून. मालगुंडचं जमलेलं मोडलं ते त्यापायीच, तरी त्याने तोंड उघडलं नाही. दर दिवाळीला तू त्याला फुलबाजी सुद्धा हातात घेऊ द्यायची नाहीस, "तात्या, तुम्ही लांब उभे राहा," आणि तो लांब जाऊन उभा राहायचा. मी घरात जायचो.

आज संध्याकाळी त्याला विचारलं, मनूला लिहू का? तो जाळं शिवत होता. म्हणाला, लिही, पण रडगाणं नको लिहू, व्हॉल्व्हचं लिही.

म्हणून व्हॉल्व्हचं. वरची लाइन बंद केलीय हे स्वतःच्या हाताने फिरवून बघ, दुसऱ्याच्या सांगण्यावर नाही. पॉट कोमट होऊ दे, प्रेशर उतरू दे. तेल येत नाही म्हणून आणखी उघडायचं नाही, बंद करायचं आणि थांबायचं. तोंडासमोर उभं राहायचं नाही, वारा पाठीकडून घ्यायचा. जोडीला एक माणूस हवाच, आणि त्याला काम माहीत असलेलं हवं. नसेल तर नाही म्हण. भोपाळनंतर 1987 साली कारखान्यांच्या कायद्यात बदल झाले तेव्हा धोका दिसला तर कामगाराने तो वरिष्ठांच्या कानावर घालायचा हा हक्कच लिहून ठेवला. आम्हाला युनियनच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं होतं. मी टाळ्या वाजवल्या होत्या आणि नंतर तसा वागलो.

आणि हात काढू नकोस. लिहिलं का आधी? लिहिलं असेल.

नोकरी सोड असं मी म्हणत नाही. आई म्हणेल कदाचित, तिला हे वाचायला दिलेलं नाही. तू हे काम माझ्यापेक्षा चांगलं करशील, हे मला काल फोनवर सांगायचं होतं आणि तोंडातून "बरं" निघालं.

आय वॉशचा, म्हणजे डोळे धुवायच्या नळाचा, पॅडल हे पत्र मिळाल्यावर लगेच दाबून बघ. पाणी लगेच येतं का, गंजाचं येतं का, दोन्ही डोळ्यांना सारखं येतं का? कळव.

तुझे,
बाबा

ता. क. शुक्रवारच्या तुतारी एक्स्प्रेसने खालच्या आळीतला पप्या पनवेलला येतोय. त्याच्याकडे हे पत्र आणि एक पिशवी देतोय. कुळथाचं पीठ आईचं. तुझ्या लेन्सच्या पाण्याची बाटली इथेच कपाटावर राहिलीय, ती पाठवत नाही. लेन्स घालून प्लांटमध्ये जायचं नाही, गॅस तिच्या मागे अडकून राहिला तर धुताना कठीण होतं. पिशवीत तुझा बारावीतला चष्मा आहे. काडी मोडली होती ती तात्याने तारेने बसवली. आधी उलटी बसवली होती, मग सुलटी केली.